मावशीचे लुगडे आणि खोजा युसुफ

वेषांतराची गोष्ट सांगायची तर ती रंगभूमीपासून सुरू करावी, असा रिवाज आहे. आम्ही ती रेवदंड्यापासून सुरू करतो. ज्या प्रसंगावर जगभरचे फार्स उभे आहेत, तो प्रसंग या किनाऱ्यावर उतरलेल्या एका माणसाच्या आयुष्यात खरोखर घडला, आणि त्याने तो स्वतः लिहूनही ठेवला.

रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचा स्मृतिस्तंभ आहे. अलिबागहून मुरूडकडे निघालेले पर्यटक पोर्तुगिजांची तटबंदी पाहतात, नारळी-पोफळीच्या वाड्यांतून फिरतात, पलीकडच्या कोर्लईच्या किल्ल्यावर चढतात. स्तंभापाशी फारसे कुणी थांबत नाही. त्व्हेर नावाच्या रशियन शहरातला हा व्यापारी व्होल्गा नदीने खाली येताना आस्त्राखानजवळ लुटला गेला. मग दरबंद, बाकू, इराण, होर्मुझ असे करत गलबतातून एक घोडा घेऊन तो चौलला उतरला. साल साधारण १४६९. काही अभ्यासक ते १४७१ मानतात. वास्को द गामा कालिकतला आला तो १४९८ मध्ये. म्हणजे हा गृहस्थ त्याच्या पाव शतक आधी आला. त्याच्याकडे तोफा नव्हत्या, विकायला एक घोडा होता आणि सांगायला एक उसने नाव होते. ते नाव होते खोजा युसुफ खुरासानी.

हे नाव त्याने का घेतले, हे समजायला फार डोके खाजवावे लागत नाही. बहमनी सल्तनतीत तेव्हा परदेशातून आलेल्यांची, म्हणजे आफाकींची चलती होती. वजीर महमूद गावान स्वतः गिलानहून व्यापारी म्हणून आलेला. खुरासानी म्हटले की बाजारात पत होती, चौकीवर अदब होती. आणि चौलच्या बंदराला युसुफ हे नाव नवे मुळीच नव्हते. अल-मसूदी हिजरी ३०४, म्हणजे इ. स. ९१६-१७ च्या सुमारास इथे आला, तेव्हा त्याला सैमूरमध्ये (हेच आपले चौल) सुमारे १० हजार मुसलमान आढळले. सिराफ, ओमान, बसरा, बगदादचे लोक होतेच. शिवाय याच मातीत जन्मलेलेही होते. त्यांना तो ‘बयासिरा’ म्हणतो. निकितिन उतरला तेव्हा या वस्तीला साडेपाचशे वर्षे होऊन गेली होती. अशा बंदरात आणखी एका युसुफकडे कोण वळून पाहणार? पाहिले ते त्याच्या गोऱ्या कातडीकडे. लोक मागे लागतात, बायका उघड्या डोक्याने वावरतात, हे त्याने मोठ्या नवलाने नोंदले आहे.

पालीवरून, घाट चढून तो पावसाळ्यात जुन्नरला पोहोचला, आणि तिथे सोंग उघडे पडले. जुन्नरचा सुभा असद खानाकडे होता. हा माणूस मुसलमान नसून रूसी आहे, हे खानाला कळले. कसे कळले ते निकितिन सांगत नाही. खानाने घोडा काढून घेतला आणि अट घातली. दीन स्वीकारलास तर घोडा परत आणि वर १००० सुवर्णनाणी. नाही स्वीकारलास तर घोडाही गेला आणि १००० नाणी दंडही. मुदत चार दिवसांची.

आता पुढचे ऐका. मुदत संपायच्या आदल्या दिवशी गावात एक प्रतिष्ठित पाहुणा आला. त्याचे नाव खोजा महंमद खुरासानी. म्हणजे खरा खुरासानी! आमच्या नकली खुरासान्याने त्याचे पाय धरले. खरा खुरासानी खानाकडे गेला, रदबदली केली, धर्मांतराची अट रद्द करवली आणि घोडाही सोडवून आणला. आपल्या मुलखाचे नाव चोरून फिरणारा हा कोण उपटसुंभ, असे तो म्हणाला असता तर ते अगदी रास्त होते. त्याने ते म्हटले नाही.

नाटके पाहणाऱ्या वाचकाला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. ब्रँडन थॉमस या इंग्रज नटाने १८९२ साली ‘चार्लीज आंट’ नावाचा फार्स लिहिला. लंडनमध्ये त्याचे लागोपाठ १४६६ प्रयोग झाले, हा त्या काळचा विक्रम. कॉलेजातल्या दोन पोरांना आपापल्या मैत्रिणींना खोलीवर जेवायला बोलवायचे आहे. घरात कुणी वडीलधारी बाई असल्याशिवाय मुली येणार नाहीत. ब्राझीलहून एकाची श्रीमंत मावशी यायची असते, ती वेळेवर येत नाही. मग तिसऱ्या मित्राला बाईचा झगा चढवून मावशी म्हणून बसवतात. पुढे खरी मावशी येते. येते ती दुसरेच नाव सांगून. आपल्या नावाने वावरणारे हे ध्यान ती पाहते, सगळे ओळखते आणि गप्प बसते. फार्समधली सगळी धावपळ त्या गप्प बसण्यावर चालते. तिने पहिल्याच भेटीत तोंड उघडले असते, तर नाटक दुसऱ्या अंकातच आटोपले असते.

आचार्य अत्र्यांनी हे नाटक १९४७ साली ‘मोरूची मावशी’ म्हणून मराठीत आणले. १९८५ मध्ये ‘सुयोग’ने ते पुन्हा उभे केले आणि विजय चव्हाण यांची मावशी घराघरांत पोहोचली. २०१८ साली ते गेले, तेव्हा बातमीत त्यांच्या नावाशेजारी मावशी होतीच. कोकणात गणपतीत, शिमग्यात, जत्रेत हौशी मंडळी जी नाटके करतात, त्यांतही पुरुषाने बाई होण्याचा प्रवेश हमखास वसूल होतो. आम्ही असे प्रयोग पाहिले आहेत. नट धोतर सोडून लुगड्यात येतो, त्या क्षणी पुरुष मंडळी त्याच्या चालीला हसतात. बायका मात्र लुगडे कुणाच्या घरचे ते ओळखून हसतात. दोन्ही हशे एकाच वेळी उठतात, म्हणून ते वेगळे आहेत हे लक्षात येत नाही.

पण एक प्रश्न विचारायला हवा. लुगडे नेसलेला पुरुष मराठी माणसाला हास्यास्पद केव्हापासून वाटू लागला? १९४७ च्या आधीची शंभर वर्षे तो वाटत नव्हता. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून सीता, द्रौपदी, सुभद्रा पुरुषच होते. त्याही आधी उत्तर पेशवाईत जेजुरीचा सगनभाऊ, धंद्याने शिकलगार आणि धर्माने मुसलमान, विरहिणीच्या तोंडच्या लावण्या रचत होता आणि त्या काळच्या फडांत बाईच्या वेषातली पोरे नाचत होती. लोक ऐकताना डोळे पुसत. त्यात सोंग आहे हे सगळ्यांना माहीत होते, आणि त्याचे कुणाला काही वाटत नव्हते.

याचा कळस म्हणजे बालगंधर्व. ‘मानापमान’ हे खाडिलकरांचे नाटक १२ मार्च १९११ रोजी पहिल्यांदा रंगमंचावर आले. त्यातली भामिनी ही श्रीमंत बापाची अभिमानी मुलगी. धैर्यधर गरीब म्हणून ती त्याला तुच्छ लेखते. मग वनमाला नावाची साधी मुलगी बनून त्याच्याजवळ जाते, आणि त्या साध्या वेषात तिला आपल्या गर्वाचे खरे रूप दिसते. हिशेब करा: पुरुषाने घेतलेले बाईचे सोंग, त्या बाईने घेतलेले दुसऱ्या बाईचे सोंग. पण हशा यायचा तो दुसऱ्याच पात्रांना. त्या दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली होती. तिला पोचवून ते रात्री भामिनी म्हणून उभे राहिले. वेषाखाली माणूस काय काय घेऊन उभा असतो, याचा याहून कडक दाखला मराठी रंगभूमीने पाहिलेला नसावा.

मग बायका रंगभूमीवर आल्या. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची लेक चंपाकली हिराबाई बडोदेकर या नावाने गाऊ लागली, आणि १९३० च्या आगेमागे भावंडांसह संगीत नाटकांत उभी राहिली. तिचे भाऊ अब्दुल रहमान हे सुरेशबाबू माने म्हणून गाजले. (नावे बदलण्याची ही गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे. तिला वेषांतर म्हणणे आम्हांला बरोबर वाटत नाही. आई घर सोडून निघाली तेव्हा मुलांना आईचे आडनाव मिळाले, इतके ते साधे आणि दुखरे आहे.) १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ केले आणि स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करण्याची चाल पक्की झाली. खरी बाई रंगमंचावर आली, म्हणून नकली बाई हास्यास्पद झाली. अत्र्यांच्या मावशीला जो हशा मिळाला, त्याची जमीन या पंधरा वर्षांत तयार झाली होती. भाव्यांच्या काळात ‘मोरूची मावशी’ कुणी केले असते तर प्रेक्षकांना त्यात विनोद काय आहे हे समजावून सांगावे लागले असते.

‘चार्लीज आंट’मध्ये आणखी एक गोष्ट आहे, हशाच्या गदारोळात ती निसटून जाते. मावशी बनलेल्या पोराने पूर्वी एका मरणासन्न माणसाशी पत्ते खेळताना मुद्दाम पैसे हरलेले असतात, त्याच्या निराधार मुलीच्या हाती काही राहावे म्हणून. ती मुलगी खऱ्या मावशीबरोबर येते. झगा घातलेल्या या ‘मावशी’ला ती वडीलधारी समजते आणि मनातले सांगून टाकते. तिचे प्रेम कुणावर आहे? त्याच माणसावर. स्वतःविषयीचे चांगले शब्द माणसाला समोरासमोर सहसा ऐकायला मिळत नाहीत. या पोराला ते झग्यात मिळाले. आपण कोण आहोत हे त्याला कळले ते दुसऱ्याचे कपडे घातले म्हणून. मात्र झगा न उतरवता तो त्यावर एक शब्दही बोलू शकत नाही.

देवलांच्या ‘संशयकल्लोळा’त हेच उलट बाजूने येते. मोलिएरच्या १६६० च्या फार्सवरून मर्फी या लेखकाने १७६१ साली इंग्रजी नाटक केले, त्यावरून देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिले आणि १९१६ साली त्याचे संगीत नाटक झाले. त्यात वेष कुणी बदलत नाही. एक तसबीर हातोहात फिरते आणि जो तो तिच्यात आपल्या मनातला संशय पाहतो. फाल्गुनरावाला अखेर बायकोची निष्ठा कळते म्हणतात. आमच्या मते त्याला स्वतःची खोड कळते, आणि ती तो दुसऱ्या दिवशी विसरणार याची प्रेक्षकाला खात्री असते.

निकितिनला झगा उतरवल्यावर काय ऐकू आले, हे पाहण्यासारखे आहे. जुन्नरहून तो बिदरला गेला. तिथे त्याची अनेक हिंदूंशी ओळख झाली. त्यांना त्याने स्वतःहून सांगितले की आपण मुसलमान नाही, ख्रिस्ती आहोत, नाव अफानासी. खोजा युसुफ खुरासानी हे इकडचे नाव. तो लिहितो की त्यानंतर त्या लोकांनी त्याच्यापासून काही लपवले नाही. जेवण, व्यापार, पूजाअर्चा, सगळे त्याच्यासमोर होऊ लागले, बायकांनाही ते त्याच्यापासून आड ठेवीनात. त्यांच्याबरोबर तो श्रीशैलच्या जत्रेलाही गेला आणि ही यांची जेरुसलेम, यांची मक्का, असे त्याने लिहिले.

पण सोंग उतरवून तो पूर्वीचा अफानासी झाला का? फार्समध्ये होतो. विग काढला, मिशी दिसली, टाळ्या पडल्या. निकितिनचे तसे झाले नाही. धर्मग्रंथ आणि सणांचे कोष्टक लुटीत गेलेले. ईस्टर कधी येतो याचा त्याला पत्ता लागेना. मुसलमानांच्या ईदवरून तो मागे मोजून अदमास बांधू लागला. त्यांनी रोजे धरले तेव्हा यानेही महिनाभर उपास केला. एकदा एका मलिकाने त्याला इस्लाम घेण्याचा आग्रह केला. हा म्हणाला, तुम्ही पाच वेळा प्रार्थना करता, मी तीन वेळा करतो. मी परदेशी, तुम्ही इथले. त्यावर मलिक म्हणाला की तू मुसलमान तर दिसत नाहीस, पण ख्रिस्ती धर्मही तुला धड माहीत नाही. मलिकाने ते चिडून म्हटले नसावे. एका परक्या माणसाने बरोबर नस पकडली होती. निकितिन लिहितो की हे ऐकून तो विचारात बुडाला, आपली वाट चुकली म्हणून रडला. पुढे कधीतरी त्याच वहीत, खरा धर्म कोणता ते देव जाणे; एक देव ओळखावा आणि निर्मळ जागी निर्मळ मनाने त्याचे नाव घ्यावे, या अर्थाचे तो लिहून गेला. पंधराव्या शतकातल्या रशियन व्यापाऱ्याला हे घरी बसून सुचले नसते, असे आम्हांला वाटते.

वेषांतराने प्रत्येकाला स्वतःची ओळख पटते असे मात्र समजू नये. याच किनाऱ्याची दुसरी गोष्ट आहे. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले. पुढे मीच भाऊ म्हणणारा एक जण उठला. १७७६ साली रत्नागिरीच्या सुभेदाराने त्याला कैदेतून सोडले, कोकणातले किल्ले भराभर त्याच्याकडे गेले. पराभव झाल्यावर तो समुद्रमार्गे मुंबईकडे निघाला आणि कुलाब्याला, म्हणजे रेवदंड्यापासून चार-पाच कोसांवर, रघूजी आंग्र्यांच्या हाती सापडला. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी १९१३ मध्ये ‘तोतयाचे बंड’ लिहिले ते यावर. इथे खरा माणूस परत येणारच नव्हता; त्यामुळे गप्प बसून सांभाळून घ्यायलाही कुणी नव्हते. अत्र्यांच्याच ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा लोखंडे याच जातकुळीचा. निपाणीचा हा तंबाखूचा व्यापारी. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत पहिला प्रयोग झाला, आणि प्रभाकर पणशीकरांनी एका नाटकात पाच रूपे उभी केली. लखोबा प्रत्येक वेषात दुसऱ्याला फसवतो, पण कुणाचे काही ऐकून घेत नाही. म्हणून पाचही वेष फिरून तो होता तिथेच राहतो, आरोपीच्या पिंजऱ्यात.

फार्समधला माणूस सोंग घेतो ते बहुधा गरजेपोटी. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी म्हण आहे. त्यात घराची भर घालायला हरकत नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ हा १९८८ चा चित्रपट, नाटक नव्हे. पण त्याची घडण रंगमंचावरच्या फार्सचीच आहे. ‘बीबी और मकान’ या १९६६ च्या हिंदी चित्रपटावरून ती कथा आली. बिनलग्नाच्या पोरांना खोली मिळत नाही, म्हणून दोघे बायका बनतात. महाराष्ट्राने हा चित्रपट डोक्यावर घेतला आणि अजून उतरवलेला नाही. आम्हीही तो अनेकदा पाहिला आणि खळखळून हसलो. हसताना शेजारचा एखादा तरुण जरा उशिरा हसतो, हेही आम्ही पाहिले आहे. शहरात खोली शोधताना फोनवर आडनाव आधी सांगायचे आणि नाव पुटपुटायचे, हे आपल्यातल्या अनेकांना शिकवावे लागत नाही. चौलकर, मुरुडकर, दिवेकर म्हटले की पलीकडचा आवाज मोकळा असतो. पूर्ण नाव कळले की खोली ‘कालच गेलेली’ असते. इथे कुणी वेष बदललेला नाही. आडनावही खरे, नावही खरे. पण खरे नाव सांगताना सोंग उघडे पडल्यासारखे वाटते.

या ‘कर’ आडनावांची आणखी एक कहाणी रेवदंड्यातच आहे. इथे बेने इस्रायलांचे सिनेगॉग आहे. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. त्यांच्या परंपरेत सांगतात की डेव्हिड राहाबी नावाचा परदेशी यहुदी इथे आला आणि त्याने घरच्या बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली. त्यांनी खवले आणि पर असलेली मासळी तेवढी वेचून घेतली, आणि त्यावरून त्याने यांना ओळखले. वेष मराठी, बोली मराठी, आडनाव गावाचे. त्यातले काहीच खोटे नव्हते. गावाने मराठी म्हणून ओळखले तेही खरे आणि राहाबीने यहुदी म्हणून ओळखले तेही खरे.

असे भाग्य मराठी रंगभूमीवरच्या मुसलमानाला कमी लाभले. ‘फार्स’ हा शब्द मराठीत रुळला, तेव्हा तो नुसत्या प्रहसनाला नव्हता. पौराणिक आख्यानानंतर होणाऱ्या गद्य खेळाला तो म्हणत, म्हणून नारायणराव पेशव्यांचा वध आणि अफझलखानाचा मृत्यूही ‘फार्स’ म्हणून झाले. पुढे ऐतिहासिक नाटकाने खान नेला आणि विनोदी नाटकाने उरलेला माल घेतला: लाल तुर्की टोपी, तोंडात पान, हातात अत्तराचा फाया, आणि ‘हमकू-तुमकू’ची बोली. आता चौल-रेवदंड्यापासून मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्यापर्यंतचा कोकणी मुसलमान घरात जी भाषा बोलतो ती कोकणी वळणाची मराठी. उर्दू तो शाळेत-मदरशात शिकतो. बाजारात मासळीचा भाव करताना, भावकीत बांधावरून भांडताना, मयतीला रडताना त्याच्या तोंडी येते ती ही बोली. आणि गावच्या नाटकात मुसलमानाचे पात्र असले की तालमीला त्यालाच बोलावतात, कारण ‘तुझे हिंदी चांगले’. बिचारा घरी जाऊन हिंदीची तयारी करतो! त्याला स्वतःचेच सोंग घ्यायचे असते आणि ते त्याला पाठ नसते. प्रयोगाला खरी मावशी प्रेक्षकांत बसलेली असते. आपल्या नावाने वर जे काही चालले आहे ते ती पाहते, गावकीसाठी हसते, वर्गणीही देते.

तिने काय करावे, यावर आमच्यात एकमत नाही. काहींना वाटते, उठून बोलावे. काहींना वाटते, टोपीवाला विनोद निर्विष आहे, हसून सोडावा. आम्हांला स्वतःला खोजा महंमद खुरासानीचे वागणे आवडते. त्याने नकली खुरासान्याला उघडे पाडले नाही, आणि सोंग चालू ठेव असेही सांगितले नाही. तो खानाकडे गेला आणि या माणसाला तो जसा आहे तसाच राहू द्या, असे म्हणून आला. रंगमंचावर हे करायचे तर टोपीच्या जागी बोली द्यावी लागेल. ज्याला नाटक लिहिता येते त्याने रेवदंड्याच्या बाजारात सकाळी तासभर उभे राहावे. मुसलमान पात्राची भाषा तिथे फुकट मिळते.

निकितिनवर १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास आणि सोव्हिएत दिग्दर्शक प्रोनिन यांनी मिळून ‘परदेसी’ चित्रपट काढला. मुसलमान नाव घेतलेल्या रशियनाची ती कथा. त्याच्यावर जीव लावणारी हिंदू मुलगी चंपा, आणि चंपेचे काम केले नर्गिसने, म्हणजे फातिमा रशीदने. कुणी फार्स लिहून हे जुळवले असते तर आपण त्याला अतिशयोक्त म्हटले असते.

निकितिन दाभोळहून गलबतात बसला. घरी मात्र पोहोचला नाही. वाटेत, स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. वही व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेली आणि १४७५ मध्ये ती महाराजांच्या दरबारातील मामिरेव नावाच्या कारकुनाच्या हाती आली. तिथून ती बखरीत उतरवली गेली. वहीच्या शेवटी एक प्रार्थना आहे. तिची भाषा रशियन नाही. तुर्की-फारसीच्या मिश्रणातून ती अरबीत शिरते आणि तिथे अल्लाहची नावे एकामागून एक येतात, सूरह हश्रच्या अखेरीस येतात त्या क्रमाने. रशियन लिपीत, रशियन कानाला ऐकू आली तशी. लिहिणारा अफानासी होता की युसुफ, हे त्या पानावरून सांगता येत नाही. मॉस्कोच्या लेखकूंना त्यातले अक्षरही कळले नसणार. तरी त्यांनी त्या ओळी जशाच्या तशा नकलून घेतल्या.